काळीशेजारी काळी

संगणक आमच्या घरी आला तो वाकळीत गुंडाळून. जगूमामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ, मुंबईला एका कंपनीच्या कचेरीत होता. तिथे जुनी यंत्रं काढून नवी घ्यायचं ठरलं, तेव्हा त्याने साहेबाच्या मागे लागून त्यातलं एक पदरात पाडून घेतलं. म्हापशाला जाऊन कॉम्प्युटरचा कोर्स केलेली भाची आहे म्हणून. मुंबईहून येताना त्याने बसची दोन तिकिटं काढली, एक स्वतःचं आणि एक संगणकाचं. जनेलाकडच्या, म्हणजे खिडकीजवळच्या सीटवर आजीच्या वाकळीत बांधलेलं ते धूड बघून कंडक्टरने हळू आवाजात विचारलं म्हणे, की पेशंट कधीपासून आजारी आहे. मामा हा किस्सा जिवंत असेपर्यंत सांगत होता, आणि प्रत्येक वेळी आम्ही हसायचो. मीही हसायचे. पुढे काय झालं ते मामाला कुणी कधी सांगितलं नाही.

आमचं घर पेडण्याच्या बाजारापासून हाकेच्या अंतरावर. सकाळ व्हायची ती पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या भोंग्याने. त्याच्या सायकलच्या मागच्या टोपलीतले उंडे, म्हणजे गोल पाव, गरम असायचे आणि माझा भाऊ दिगंबर, आमचा दिगूदादा, त्यातला एक घरी पोचेपर्यंतच संपवायचा. मग म्हापशाला जाणाऱ्या बशींचे हॉर्न, मोटारसायकली, शेजारणीचं कोंबड्यांवर ओरडणं. उन्हाळ्यात काजू भाजल्याचा धूर थेट देवघरापर्यंत यायचा. बाबा मराठी प्राथमिक शाळेत मास्तर होते आणि घरात त्यांचा शब्द खाली पडत नसे. गोवा राज्य झालं त्याला थोडीच वर्षं झाली होती आणि मराठी की कोंकणी हे भाषेचं भांडण अजून घराघरांत गरम होतं. बाबा मराठीच्या बाजूचे, कट्टर. सभेत मराठीसाठी घसा कोरडा करून यायचे, चपला काढायचे आणि सोप्यावर बसत म्हणायचे, "उदक दी गो सुलू." मी एकदा म्हटलं, बाबा, पाणी तरी मराठीत मागा. ते इतके हसले की उदक अंगावर सांडलं. हे मुद्दाम सांगते, कारण बाबा दुष्ट नव्हते. दुष्ट माणसाचं काय लिहायचं? त्याच्याकडून आपण काही मागतच नाही.

संगणक मेजावर ठेवून बटण दाबलं तेव्हा तो सुरूच झाला नाही. आतला पंखा एकदा हलल्यासारखा करायचा आणि थांबायचा. मामाचा चेहरा पडला. आई म्हणाली, "प्रवासान दमलो आसतलो, जरा रवू दी." मी मात्र खुशीत आले. कोर्सच्या बाईंनी शिकवलेलं सगळं करून बघायला याहून बरी संधी कुठली? आधी भिंतीतला प्लग बघितला, मग स्टॅबिलायझर, कारण आमच्याकडे संध्याकाळी वीज इतकी मंद यायची की बल्बमधली तार मोजता यायची. मग वायर बदलली, पडद्याची वायर घट्ट केली. तरी नाही. शेवटी मागचे स्क्रू काढले, पत्र्याचं झाकण सरकवलं आणि दादाला बॅटरी धरायला सांगितलं. विजेच्या डब्यातून दोन चपटे प्लग निघून मुख्य बोर्डात शेजारी शेजारी बसतात. त्यांतला एक पार सुटला होता आणि दुसरा अर्धवट लोंबत होता. मुंबई ते पेडणे इतके खड्डे खाल्ल्यावर दुसरं काय होणार?

"हे उलटे बसले तर काय जाता?" दादाने विचारलं. मी सांगितलं, बोर्ड जळतो, खेळ खलास. दोन्ही प्लगांना काळ्या तारा असतात, त्या मधोमध एकमेकींना लागून आल्या पाहिजेत. बाईंनी हे रूक्षपणे सांगितलं होतं. मी दादासाठी तिथल्या तिथे त्याचं गाणं केलं, "काळीशेजारी काळी, नाय तर होळी!" दादा खो खो हसला आणि स्वतःच्या हाताने त्याने दोन्ही प्लग बसवले. मी बटण दाबलं. पंखा फिरला, फ्लॉपीच्या खाचेतून खोबरं खवल्यासारखा आवाज आला आणि काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली. दादाने मला उचलून गरकन फिरवलं. आईने देवापुढे साखर ठेवली. बाबा चष्मा लावून जवळ आले, अक्षरं वाचली आणि म्हणाले, "मराठी येता?" मी म्हटलं, "नाय बाबा. इंग्लिशच." "आनी कोंकणी?" "ती पण नाय." बाबांनी मान डोलावली. "बरा. घरात एक तरी कोणी आसा, झगडो करीत नाय."

त्याच आठवड्यात मी बाबांपुढे माझी गोष्ट काढली. सोप्यावर संगणकाचा वर्ग काढायचा. पेडण्यात तेव्हा तसलं काही नव्हतं. मुलींना शिकायचं तर म्हापसा गाठावा लागे, आणि म्हापशाच्या बशीत मुलीला एकटीला रोज बसवायचं म्हटलं की घरोघरी कपाळाला आठ्या. माझ्याकडे यंत्र एकच होतं, पण जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर मी कीबोर्ड काढून ठेवले होते. एकीने यंत्रावर बसायचं, बाकीच्यांनी कागदावर बोटं चालवायची. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. तेव्हा सावंतवाडीकडचं एक स्थळ मला सांगून आलं होतं आणि आईने ते जवळजवळ धरूनच ठेवलं होतं. मी बाबांना म्हटलं, मला इतक्यात लग्न नको. मला हे करून बघायचंय. जेवण झालं होतं, बाबा सुपारी कातरत होते. ते म्हणाले, "वर्ग चाललो तर दोन वर्सां मी लग्नाचा नाव काढूचंय नाय. देवाशपथ." मी नाचायचीच बाकी होते. आज साठीला टेकले आहे, पण त्या दुपारी सोप्याच्या जमिनीवर पडलेलं कौलांमधलं ऊन मला अजून दिसतं.

दादा जवळच्या तुये गावातल्या कारखान्यात रोजंदारीवर होता. कधी काम असे, कधी नसे. नसलं की तो दुपारी माझ्याजवळ येऊन बसायचा. मी त्याला फ्लॉपी कशी घालायची, फाइल कशी उघडायची, आकड्यांच्या ओळी कशा मांडायच्या ते शिकवत होते. त्याची बोटं जाड, दोन कळा एकदम दाबली जायची, आणि मी चिडवायचे की तू कीबोर्ड बडवतोस की नारळाची चुडतां सोलतोस. तो चिडत नसे. बाजारातून येताना पावात घातलेली बटाट्याची भाजी माझ्यासाठी न चुकता आणायचा, कागद तेलाने पारदर्शक झालेला. "मास्तरणीबाईंची फी," म्हणायचा. माझी पहिली विद्यार्थिनी मी मंदा समजत होते, शेजारची. खरं तर पहिला विद्यार्थी दादाच, आणि त्याच्यासारखं पक्कं नंतर कुणी शिकलं नाही.

वर्ग सुरू करायचा दिवस उजाडला. सोपा सारवून झाला होता, दाराला आंब्याचं तोरण. मंदा आणि आणखी तीन मुली यायच्या होत्या, त्यांच्या आया येणार होत्या, बाबांनी दोन शिक्षकांना बोलावलं होतं. संगणक आतल्या खोलीतून सोप्यावर आणायचा होता. मी उचलायला गेले तर दादा म्हणाला, "तू न्हाऊन ये गो. मी मांडतंय." मी न्हाणीकडे निघाले तेव्हा त्याने मागून हाक मारली, "सुलू, तुझो स्क्रूड्रायव्हर खंय? मेजाचो पाय हलता." मी परत फिरले, माझ्या पेटीतला पिवळ्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर काढला आणि त्याच्या हातात दिला. दिला तो दिलाच, वर म्हटलं, "जपून हां दादा, लागात."

बाबांनी गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडे कुठलंही नवं काम देवाच्या कानावर घातल्याशिवाय होत नाही. 'हे देवा, चेडू नवो धंदो करता, तिका यश दी,' आणि जमलेल्या सगळ्यांनी 'व्हय महाराजा' म्हणायचं. मुलींनीही म्हटलं, लाजत. मग मी यंत्राला कुंकू लावलं आणि बटण दाबलं. पंखा एकदा हलला आणि थांबला. पुन्हा दाबलं. तसंच. मंदाची आई दुसरीच्या कानात काहीतरी बोलली. माझे कान तापले, पण डोकं चालू होतं. लक्षण तेच होतं, मामा आला त्या दिवसाचं. मी मोठ्याने म्हणालेही, "प्लग सुटले आसतले. त्या दिवसासारखे." दादा लगेच पुढे झाला. "तू रव. मी बघतंय." आणि बाबा म्हणाले, "सुलू, पावण्यांका च्या हाड आधी." मी आत गेले. चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले तेव्हा दादाने यंत्राचं तोंड भिंतीकडे वळवलेलं होतं, झाकण उघडं होतं आणि तो आत वाकून बघत होता. त्याने मान वर केली, सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाला, "प्लग जाग्यार आसत गो. बोर्ड जळालो. वास येता." मी ट्रे खाली ठेवेपर्यंत त्याने झाकण बसवलंसुद्धा.

वास कुणालाच आला नव्हता. पण तो म्हणाला म्हणून मला आला. हे आज लिहिताना मला हसू येत नाही. ज्याला आपण बॅटरी धरायला लावून शिकवलं, त्याने आत बघून सांगितलं, की संपलं. मग आणखी कुणाला विचारायचं? पाहुणे चहा पिऊन गेले. जाताना मंदाने माझा हात दाबला. मी बाबांना म्हटलं, तरी एकदा मी स्वतः उघडून बघते. बाबा उठले. मग देवघरातून त्यांनी नारळ आणला आणि संगणकाच्या पत्र्यावर ठेवला. "गाऱ्हाणां घातलेल्या कामात इघ्न इला," ते म्हणाले. "आता ह्या मशीन आपल्या घराक मानवता काय नाय, ता देवाकच विचारूया. तोवर कोणी हात लावचो नाय."

बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटेल म्हणून सांगते. आमच्याकडे अडलेली गोष्ट ग्रामदेवाकडे नेतात, त्याला प्रसाद घेणं म्हणतात. गुरव मूर्तीच्या अंगावर फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवतो, आपण आपला प्रश्न सांगायचा आणि हात जोडून वाट बघायची. उजवीकडची पाकळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. सोयरीक, विहीर, गाय विकणं, पोराला परदेशी धाडणं, सगळं यावर. ज्या वस्तूचा प्रश्न असेल तिच्यावर देवाच्या नावाने नारळ ठेवला की उत्तर येईपर्यंत ती देवाची. तिला शिवायचं नाही. मी म्हापशाहून कॉम्प्युटर शिकून आले होते आणि माझा या सगळ्यावर पुरता विश्वास होता. आजही आहे. त्या दोन दिवसांत मी पंधरा वेळा मेजापर्यंत गेले असेन, पत्र्यावरच्या नारळाकडे बघितलं आणि परत फिरले. नुसतं झाकण सरकवायचं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाबा अंघोळ करून, तो नारळ पिशवीत घालून देवळाकडे निघाले. दादा म्हणाला, "मी येतंय सोबतीक." दोघे गेले. मी देवापुढे बसून राहिले आणि डोळे मिटून फक्त 'उजवी, उजवी' म्हणत होते. बाबा एकटेच परतले. सोप्याच्या पायरीवर बसले. मी पाण्याचा तांब्या पुढे केला तर माझ्याकडे न बघता म्हणाले, "डावी पडली." आईने विचारलं, "आनी नारळ?" "गुरवाक दिलंय." एरवी प्रसाद घेऊन आले की ते नारळाचं अर्धं भकल आणि कानावर फूल घेऊन यायचे. त्या दिवशी कानावर फूल नव्हतं. मला ते दिसलं होतं. पण देवाने नको म्हटल्यावर फुलाचं काय घेऊन बसायचं, असं मी माझं मनाशी उत्तर दिलं आणि आत जाऊन खूप रडले. दुसऱ्या दिवशी आईने बांगड्याचं हुमण, म्हणजे कालवण केलं. खोबरं भरपूर होतं, दाट झालं होतं. मी रागाने दोनदा भात घेतला.

घराला न मानवणारी वस्तू घरात ठेवायची नाही, म्हणून यंत्र जाणार हे ओघानेच आलं. दादाला नेमकी त्याच सुमारास डिचोलीला नोकरी लागली, एका खनिजाचे ट्रक चालवणाऱ्या शेठकडे, कायमची. तो म्हणाला, तिकडे एक जण जुन्या यंत्रांचे सुटे भाग काढून विकतो, त्याला देऊन टाकू. त्याच वाकळीत बांधून त्याने ते नेलं. मी मोटारसायकलवाल्याच्या मागे बसलेल्या दादाला म्हटलं, "घट्ट धर, पडात." मी कॅलेंडरं परत भिंतीला लावली, पाठ भिंतीकडे करून. कीबोर्ड भिंतीकडे, तारखा माझ्याकडे. सावंतवाडीच्या स्थळाला आईने होकार कळवला. वर्ग चालला तर, असं बाबांचं वचन होतं. वर्ग चालला नव्हता. बाबा वचनाला जागले, असंच तेव्हा मला वाटलं.

लग्नाची खरेदी सुरू झाली तेव्हा आई म्हणाली, दिगू आजारी होता म्हणे, जरा बघून येऊया, वाटेत डिचोलीच्या बाजारात साड्या पण बघू. मी नारळाच्या वड्या केल्या त्याच्यासाठी. डिचोलीला उतरलो तर पायाखाली, झाडांवर, लोकांच्या भुवयांवर, सगळीकडे लाल धूळ. शेठची कचेरी रस्त्याकडेलाच होती, बाहेर ट्रक उभे. आईच्या चपलेचा अंगठा तुटला म्हणून तिला चांभाराकडे थांबावं लागलं. मी वड्यांचा डबा घेऊन पुढे गेले. दारातच मला तो आवाज आला. खोबरं खवल्याचा. लाल धूळ पुसून लख्ख केलेल्या मेजावर तो होता, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं, पत्र्यावर मी लावलेल्या कुंकवाचा पुसटसा डाग. दादा तिथे नव्हता. शेठ होते. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी आनंदाने खुर्ची पुढे केली.

"तुझो भाव बरो हुशार गो!" शेठ म्हणाले. भला माणूस होता, लपवण्यासारखं त्याला काही ठाऊकच नव्हतं. "मी त्येका पयलाच सांगललंय, मशीन घेऊन येशीत तर काम कायमचा. तर हो वाकळीत गुंडाळून हाडल्यान. बटण दाबल्यार बंद! मी म्हटलंय, रे, मेलेला मशीन कित्याक हाडलंस? हसलो नुसतो. उघडल्यान, दोन प्लग बसयल्यान, आनी झाला सुरू! म्हणता कसो," आणि शेठ मांडीवर थाप मारून हसले, "काळीशेजारी काळी, नाय तर होळी!"

मी काय केलं असेल असं वाटतं? काही नाही. डबा मेजावर ठेवला. यंत्राकडे बघत राहिले. मला पटकन रागसुद्धा आला नाही. आधी आठवला तो स्क्रूड्रायव्हर. मग तो भिंतीकडे वळवलेला पत्रा, आणि माझ्या डोळ्यांत बघणारे त्याचे डोळे. चोरी करणारा माणूस डोळे चुकवतो असं आपण लहानपणापासून ऐकतो, साफ खोटं आहे ते. एवढ्यात दादा आत आला. हातात कसली तरी पावबिव असलेली पुडी होती, कागद तेलकट. मला बघून तो दारातच थांबला. मी म्हटलं, "जळालेलो बोर्ड बरो चलता रे दादा." तो शेठकडे बघून कसंनुसं हसला, मला बाहेर घेऊन आला आणि ट्रकाच्या आडोशाला म्हणाला, "सुलू, तू जातलंस लगीन करून. माका आयुष्यभर रोजंदारीच करूक होयी काय?" मी विचारलं, "मागितलं का नाहीस मग?" आमच्या घरच्या बोलीतही नाही, बाबांच्या शाळेतल्या मराठीत विचारलं, तसं आपोआप तोंडातून आलं. तो म्हणाला, "तू दिलं नसतंस." खरंय. दिलं नसतं. माझं होतं ते.

परतताना बशीत मी आईला सगळं सांगितलं. मला वाटलं ती कपाळावर हात मारील. ती खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "दिगूचा, झिलाचा काय तरी बसूक नको? तुझा बरा घर मिळाला हां गो." आता मात्र मी पुरती तिच्याकडे वळले. "तुका म्हायत होता?" आईने पदराने तोंड पुसलं. तिला कुणी सांगितलं नव्हतं. पण बाबा देवळातून आले त्या दिवशी त्यांची पिशवी खुंटीला लावताना तिला जड लागली. आत नारळ होता. अख्खा, न फोडलेला. दुसऱ्या दिवशी तिने तो फोडला आणि हुमणात घातला. तिने बाबांना विचारलं नाही आणि मला सांगितलं नाही. म्हापशापासून पेडण्यापर्यंत आम्ही दोघी शेजारी बसून आलो, मांडीवर साड्यांची पिशवी, आणि मला तिच्या दंडाला माझा दंड लागलेला नको होता.

बाबा सोप्यावर मुलांच्या वह्या तपासत होते. मी चपलाही काढल्या नाहीत. "बाबा, देवाक नेमका काय विचारलास?" त्यांनी लाल पेन्सिल खाली ठेवली. माझ्या चेहऱ्यावरून त्यांना सगळं कळलं असणार. त्यांनी बोटांवरची पेन्सिलीची भुकटी पुसली. "मी विचारूकच नाय," ते म्हणाले. विचारायलाच निघाले होते, म्हणाले, खऱ्या मनाने. पण वाटेत देवळाच्या तळीजवळ दादाने त्यांचे पाय धरले आणि केलेलं सांगितलं, शेठची अट सांगितली. दादा तिथूनच गेला. बाबा देवळाच्या पायरीवर बसून राहिले. आत गुरव पाकळ्या भिजवून वाट बघत होता. त्याने हाकही मारली. बाबा उठले आणि नारळ घेऊन घरी आले. "उत्तर म्हायत आसताना खंयच्या तोंडान विचारू? देवाकडे खोटा बोलूक माका जमाक नाय गो."

"आनी माझ्याकडे?" मी विचारलं.

बाबांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, परत लावला आणि वही ओढून घेतली. ज्या माणसाने मराठीसाठी सरकारशी भांडण काढलं होतं, त्याला माझ्या त्या दोन शब्दांवर कुठल्याच भाषेत एक वाक्य सुचलं नाही. मी वाट बघितली. त्यांनी त्या वहीतल्या एका बरोबर गणितावर फुली मारली आणि मग ती खोडली.

दादाशी माझं पुढे भांडण झालं नाही, बोलणंही तुटलं नाही. त्याचं बरं चाललं. नंतर त्याने स्वतःचे ट्रक घेतले. अजून मे महिन्यात काजूची पिशवी घेऊन येतो आणि माझ्या मुलींना कौतुकाने सांगतो की मला कॉम्प्युटर तुमच्या आईने शिकवला. माझे यजमानही भले निघाले, त्यांच्याविषयी तक्रार नाही, म्हणून तर लोकांना वाटतं की झालं ते चांगल्यासाठीच झालं. तसं कुणी म्हणालं की मी उठून आत जाते. मंदाने पुढे म्हापशाच्या बशीने रोज जाऊन कोर्स केला आणि पेडण्याच्या बाजारात वर्ग काढला. तो खूप चालला.

पण हे सगळं पुढचं. खरेदी झाली तरी लग्नाआधी लग्नाचा प्रसाद घ्यायचा असतो. तो बाबांनी घ्यायचा, पुरुषमाणसांनी जायचं, मुलीने घरी बसून वाट बघायची, अशी रीत. त्या सकाळी बाबा पिशवीत नारळ घालत होते तेव्हा मी साडी नेसून सोप्यावर येऊन उभी राहिले आणि म्हटलं, "मी पण येतंय." आई काहीतरी बोलायला गेली. बाबांनी हातानेच तिला थांबवलं. आम्ही दोघे निघालो. तळी आली तेव्हा बाबांची पावलं जरा मंद झाली. मी नाही थांबले. पायऱ्या चढून मी त्यांच्या आधी आत गेले आणि जिथून मूर्तीचे दोन्ही खांदे नीट दिसतील अशा जागी उभी राहिले. गुरवाने पाकळ्या लावल्या. बाबांनी नारळ पुढे ठेवून मोठ्याने प्रश्न सांगितला, एकेक शब्द सुटा, मला ऐकू जाईल असा. मी हात जोडले आणि जीव ओतून डावी मागितली. समई तडतडत होती. पाकळ्या कितीतरी वेळ जागच्या हलल्या नाहीत.

उजवी पडली. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. बाबांनी वळून माझ्याकडे पाहिलं, बघितलंस ना, अशा नजरेने, आणि त्यांचे डोळे भरून आले होते. मी देवाकडेच बघत राहिले.